उंदीर देणे आहेत

घरातल्या पिंजऱ्यात सापडलेला उंदीर मारवत नाही, कारण तो गणपतीचं वाहन. आणि ठेववत नाही, कारण तो उंदीर. या धर्मसंकटातून मराठी माणसाने काढलेली वाट सर्वांना ठाऊक आहे. भल्या पहाटे पिंजऱ्यावर जुनं फडकं टाकायचं, पायात चपला सरकवायच्या आणि दोन गल्ल्या ओलांडून दुसऱ्या सोसायटीच्या कंपाउंडशी पिंजऱ्याचं दार उघडायचं. उंदराला नवं घर मिळतं, घराला नवा उंदीर मिळतो, आणि या सगळ्या व्यवहारात कोणी कोणाला एक प्रश्न विचारत नाही. त्याच वेळी समोरून त्या सोसायटीतला एखादा सद्गृहस्थ फडकं टाकलेलं काहीतरी घेऊन उलट दिशेने येताना दिसला, तर दोघंही ‘काय, फिरायला का?’ एवढंच म्हणतात. इंग्लंडात मात्र उंदीर एका घरातून दुसऱ्या घरात जायचा तर प्रतीक्षायादी लागते, लांबलचक प्रश्नावली लागते आणि शेवटी करारावर सही लागते. मागच्या खोलीत हौसेने पाळीव उंदरांची पैदास करणारी एखादी बाई येणाऱ्या गिऱ्हाइकाची जी उलटतपासणी घेते, तिच्यापुढे पुण्यातला घरमालक भोळासांब वाटावा. हा प्रकार हास्यास्पद आहे हे मला मान्य आहे. पण तो बरोबरही आहे, आणि उंदीर इतका स्वस्त मिळतो म्हणूनच बरोबर आहे, असं माझं म्हणणं आहे.

आधी उंदराची ओळख, कारण आपल्या भाषेने इथे जरा घोटाळा केला आहे. घरातला चिमुकला आणि गटारातला दांडगा, दोघांनाही आपण उंदीरच म्हणतो. फार दांडगा असला तर त्याला घूस ठरवून मोकळे होतो. इंग्लंडात पाळतात तो गटारातल्या तपकिरी उंदराचाच वंशज. त्याच्या शास्त्रीय नावात नॉर्वे आहे, पण मूळचा तो आशियातला. म्हणजे आडनावावरून गाव ओळखू नये हा नियम त्यालाही लागू. एकोणिसाव्या शतकात लंडनमध्ये उंदीर हौदात सोडून त्यांच्यावर कुत्रे घालायचे आणि कुत्रा किती मिनिटांत किती मारतो यावर पैजा लावायच्या, असा खेळ चाले. त्यासाठी पकडलेल्या ढिगात एखादा पांढरा, एखादा ठिपक्यांचा निघाला की तो बाजूला काढून ठेवत. स्वतःला व्हिक्टोरिया राणीचा उंदीर पकडणारा म्हणवणारा जॅक ब्लॅक नावाचा एक इसम लाल जाकीट आणि ओतीव उंदरांचा पट्टा घालून हिंडायचा, आणि असे वेगळ्या रंगाचे उंदीर वाढवून घरंदाज तरुणींना विकायचा, हे हेन्री मेह्यू या पत्रकाराने त्याच्याच तोंडून ऐकून लिहून ठेवलं आहे. पुढे 1901 च्या ऑक्टोबरात मेरी डग्लस या बाईंच्या आग्रहावरून आयल्सबरीच्या प्रदर्शनात उंदरांना पहिल्यांदा जागा मिळाली. त्याच वर्षांमध्ये प्लेगच्या साथीत मुंबई इलाख्यात ‘उंदीर पडला’ एवढे दोन शब्द ऐकून माणसं घराला कुलूप लावून माळावर झोपड्या बांधत होती. बीट्रिक्स पॉटरने 1908 साली एक गोष्टीचं पुस्तक आपल्या सॅमी नावाच्या उंदराच्या स्मृतीला अर्पण केलं, आणि 1976 मध्ये या शौकिनांची राष्ट्रीय संस्था निघाली. तेव्हा हा कालपरवाचा खुळचटपणा नाही. हा चांगला मुरलेला खुळचटपणा आहे.

आता ती प्रश्नावली. पिंजरा केवढा, हा पहिला प्रश्न. दोन गजांमधलं अंतर किती, हा दुसरा, आणि तो सहज विचारलेला नसतो, कारण सहा आठवड्यांच्या पिल्लाचं डोकं जिथून जातं तिथून उरलेलं पिल्लूही जातं. खाली काय अंथरणार? उत्तर ‘लाकडाचा भुसा’ असेल तर पुढचं वाचलं जाण्याची शक्यता कमी, कारण देवदारी भुशाने उंदराची छाती बिघडते. घरात कोणी सिगारेट ओढतं का? तुम्ही भाड्याने राहत असाल तर घरमालकाला माहीत आहे का? मांजर आहे का? असेल तर त्याचं यावर काय मत आहे? दिवसातून किती वेळ त्यांना पिंजऱ्याबाहेर काढाल, आणि बाहेर काढलेल्या खोलीतल्या वायरी कुठे आहेत? सुट्टीला गेलात तर यांच्याकडे कोण बघणार? उंदीर तपासणारा डॉक्टर जवळ आहे का? कुत्र्या-मांजरांच्या प्रत्येक डॉक्टराला उंदराच्या छातीला नळी लावायची सवय असतेच असं नाही. आणि शेवटी मोकळी जागा सोडलेला रकाना: पूर्वीचा अनुभव. इंग्लंडातल्या स्लाउमध्ये राहणाऱ्या एखाद्या मराठी कुटुंबाने मुलीच्या हट्टापायी हा अर्ज भरायला घेतला, तर त्यांची लेखणी इथे नक्की अडेल. अनुभव पिढ्यानपिढ्यांचा आहे, पण तो अर्जात लिहिण्यासारखा नाही. फोनवर सांगलीच्या आजीला ‘उंदीर पाळणार आहोत’ म्हटलं तर ती आधी ऐकण्यात चूक झाली असं समजेल, आणि मग काळजीने विचारेल, ‘पाळणार म्हणजे? निघत नाहीये का तो?’

यावर पहिला आक्षेप उघड आहे, आणि तो आजीचाच आहे: उंदरासाठी एवढं? दहा-वीस पौंडांच्या जिवासाठी गृहकर्जासारखी कागदपत्रं? तर उत्तर त्या दहा-वीस पौंडांतच आहे. चांगल्या जातीच्या कुत्र्याला हजार-दोन हजार पौंड मोजावे लागतात. एवढे पैसे खिशातून काढताना माणूस चार रात्री झोपत नाही, बायकोशी भांडतो, जागा मोजतो; म्हणजे प्रश्नावलीचं अर्धं काम किंमतच करून टाकते. किंमत ही चाळणी आहे. उंदराच्या बाबतीत या चाळणीला भोकंच एवढी मोठी आहेत की खडे, तांदूळ आणि चाळणाऱ्याची अंगठी सगळंच खाली पडतं. एका पिझ्झाच्या पैशात उंदीर येतो, आणि पिझ्झा मागवताना जेवढा विचार करतात तेवढाच विचार करून तो आणलाही जातो. मुलाचा वाढदिवस आहे, समोर दुकान आहे, घ्या. अशा घाईत आलेली वस्तू घरात पुढे कुठे जाते हे माळ्यावर चढून पाहिलेल्या कोणालाही सांगायला नको. तेव्हा जिथे चाळणी नाही तिथे सूप पुढ्यात घेऊन एकेक दाणा निवडत बसावं लागतं, आणि ती बाई तेच करत असते. त्यात पुन्हा या प्राण्याचा खरा खर्च किमतीत दिसतच नाही. पिंजऱ्याला शंभरावर पौंड सहज लागतात, आणि डॉक्टरने एकदा नुसतं हातात घेऊन पाहिलं तरी उंदराच्या किमतीच्या दुप्पट-तिप्पट फी होते. घोड्यापेक्षा नाल महाग असा हा मामला. पंधरा पौंडांच्या उंदरावर आणखी पन्नास खर्च करायचे की नाही, हा प्रश्न एका रविवारी संध्याकाळी प्रत्येक मालकापुढे येतो, आणि त्याचं उत्तर उंदीर घरी यायच्या आधीच विचारून ठेवलेलं बरं असतं.

मग किंमतच वाढवा ना, असं एखादा हिशेबी माणूस म्हणेल. दीडशे पौंड लावा, बेफिकीर लोक आपोआप गळतील. गळतील, पण त्यांच्याबरोबर ज्यांच्याकडे पैसे नाहीत आणि वेळ भरपूर आहे असे विद्यार्थी आणि निवृत्त लोकही गळतील, आणि उंदराला वेळच हवा असतो. शिवाय दीडशेचा भाव झाला की लगेच गणिताची माणसं गोळा होतील. उंदरीण साधारण बावीस दिवसांत विते, एका खेपेला आठ-दहा पिल्लं सहज होतात, आणि विल्यानंतर दिवसाच्या आत पुन्हा गाभण राहू शकते. एवढ्या दराने व्याज देणारी योजना कुठलीही पतपेढी जाहीर करणार नाही. केली तर ठेवीदारांनी सावध व्हावं. उंदराचा भाव कमी असणं हेच त्याचं धंद्यापासून संरक्षण आहे. भाव कमी ठेवायचा आणि निवड कडक ठेवायची, या दोन गोष्टी एकमेकींच्या आधाराने उभ्या आहेत.

प्रश्नावलीतली सगळ्यात न सुटणारी अट जोडीची आहे. एकटा उंदीर मिळत नाही. दोन घ्या, तीन घ्या, एक मागितलात तर अर्ज बाद. उंदीर हा गोतावळ्यात राहणारा प्राणी आहे. एकमेकांच्या अंगावर ढीग करून झोपणं, एकमेकांची मान साफ करणं, दुसऱ्याच्या तोंडातला घास ओढून पळणं, असं त्याचं सगळं चाळीतल्यासारखं चालतं, आणि माणूस कितीही प्रेमळ असला तरी पहाटे तीनला उठून कोणाची मान चाटणार नाही. 2006 च्या ब्रिटिश प्राणीकल्याण कायद्यातही प्राण्याच्या गरजांमध्ये त्याला सोबत हवी की एकांत हवा हे धरलेलं आहे. इथपर्यंत सगळं पटतं. पण उंदीर जगतो दोन, फार तर तीन वर्षं, आणि दोन उंदीर ठरवून एकाच दिवशी मरत नाहीत. एक गेला की दुसरा एकटा उरतो. एकटा ठेवायचा नाही हा तर नियम, म्हणून त्याला सोबत आणायची. म्हाताऱ्याच्या अंगावर एकटं पिल्लू सोडलं तर ते त्याला हैराण करणार, म्हणून दोन आणायची. पुढे म्हातारा जातो, दोन उरतात, मग त्यांतला एक जातो, आणि गाडी पुन्हा पहिल्या स्टेशनात. दहा वर्षांच्या मुलीला वाढदिवसाला दिलेली जोडी या हिशेबाने तिच्या लग्नाच्या पंगतीत निघते. त्यामुळे ‘शेवटचा एक उरल्यावर काय कराल?’ हा प्रश्न ती बाई आधीच विचारून ठेवते, आणि बऱ्याच ठिकाणी एकटा उरलेला म्हातारा परत घेण्याचीही तयारी दाखवते.

परत घेण्याची ही गोष्ट फार महत्त्वाची आहे, कारण दुसऱ्या मोठ्या आक्षेपाचं उत्तर तीत आहे. दुसरा आक्षेप असा की हा उद्धटपणा झाला. पैसे आम्ही देणार आणि आरोपीच्या पिंजऱ्यातही आम्हीच उभे राहणार? उंदराचा पिंजरा परवडला! विकणाऱ्याने विकावं, शेजाऱ्याच्या खोलीत डोकावू नये. पण आपल्याकडच्या दुकानात गल्ल्याच्या वर लिहिलेली पाटी आठवा: एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही. ज्याने ही पाटी लावली त्याला गिऱ्हाइकाला काही विचारायचा अधिकार खरोखरच नाही, आणि तो विचारतही नाही, वर मानही करत नाही. उंदीरवाल्या बाईचा करार नेमका उलटा असतो. घरात ॲलर्जी निघाली, नोकरी गेली, घटस्फोट झाला, काहीही झालं तरी माल तिच्याकडेच परत यायला हवा. दुसऱ्याला द्यायचा नाही, विकायचा नाही, सोडायचा तर मुळीच नाही. म्हणजे दिलेल्या प्रत्येक उंदरामागे तिने मागच्या खोलीतली एक जागा मनाने राखून ठेवलेली असते. वीस उंदीर दिले तर वीस माहेरवाशिणी कोणत्याही दिवशी पेटी घेऊन दारात उभ्या राहू शकतात. एवढी जोखीम उचलणाऱ्याने दोन प्रश्न विचारले तर त्याला उद्धटपणा कसा म्हणायचं? आपल्याकडे मुलीच्या बापाने विचारले तर आपण त्याला व्यवहारी म्हणतो.

तिसरा आक्षेप मात्र खरोखर जड आहे. एवढी झडती घेतली तर माणूस कंटाळून उठतो आणि सरळ पेठेतल्या दुकानातून उंदीर आणतो. तिथे सोळा वर्षांखालच्याला विकायचा नाही एवढा कायदा पाळला की झालं. म्हणजे कडक बाईने न दिलेला उंदीर वाचतो आणि दुकानातला त्याचा चुलतभाऊ त्याच बेफिकीर हातात पडतो. शिवाय प्रश्नावलीत लोक खोटं लिहितात. सिगारेट कोणीच ओढत नाही, मांजर नेहमी पलीकडच्या घरातलं असतं. हे सगळं खरं आहे, आणि काही बायका प्रश्न विचारण्याचा आनंद प्रश्नासाठीच घेतात हेही खरं आहे. उंदीर वाढवण्यापेक्षा माणसं नापास करण्यात त्यांचा जीव रमतो. पण खोटं लिहायला सुद्धा आधी खरं उत्तर काय असायला हवं ते शोधावं लागतं. गजांमधलं अंतर किती, असा प्रश्न आला की माणूस उठून फूटपट्टी आणतो. भुशाबद्दल विचारलं की तो भुशाबद्दल वाचतो, आणि मग कागदाच्या कपट्यांचं पाकीट मागवतो, कारण आता तेच उत्तर लिहून बसला आहे. उंदीर घरी यायच्या आधीच मालकाची अर्धी शिकवणी झालेली असते आणि त्याला वाटत असतं की आपण फक्त अर्ज भरला. दुकानात कोणी काही विचारत नाही, म्हणून तिथून निघालेल्या माणसाला काही माहीतही नसतं. ‘दोघी बहिणी’ म्हणून आणलेल्या जोडीतली एक बहीण तीन आठवड्यांनी बाळंत होते तेव्हा त्याला प्रथमच शंका येते. खरं तर वयात आलेल्या नर उंदराबद्दल शंकेला निसर्गाने तसूभरही जागा ठेवलेली नाही, पण शेपटीखाली बघायचं असतं हेच कोणी सांगितलेलं नसतं. पैदास करणारी बाई पाचव्या आठवड्याच्या आत भाऊ इकडे आणि बहिणी तिकडे करून टाकते. भावाबहिणीच्या नात्याबद्दल उंदरांच्या कल्पना फार ढिल्या असतात.

रंगाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण गिऱ्हाईक तिथेच उघडं पडतं. पाळीव उंदीर अनेक रंगांत येतो: निळसर राखाडी, बदामी, सयामी मांजरासारखा टोकांना काळपट, डोक्याखांद्यावर टोपरं घातल्यासारखा काळा आणि बाकी पांढरा. कुणाचे केस कुरळे, कुणाचे कान डोक्याच्या बाजूला खाली बसलेले आणि हत्तीच्या पिल्लासारखे मोठे. त्यामुळे ‘निळा, मोठ्या कानांचा, मादी, या शनिवारी’ अशी मागणी येते, आणि ती वाचून आपल्या वधू-वर स्तंभातल्या गोऱ्या, उंच, सडपातळ आणि गृहकृत्यदक्ष या चार शब्दांची आठवण होते. बाईचं उत्तर ठरलेलं असतं: रंग मिळेल तो मिळेल, आधी स्वभावाचं बोला. उंदराला स्वभाव असतो हे आपल्याला नवीन असलं तरी शास्त्राला नाही. जाक पँकसेप या संशोधकाने उंदरांना गुदगुल्या करून दाखवलं की ते माणसाच्या कानाच्या पलीकडच्या सुरात किलबिलतात आणि गुदगुल्या करणाऱ्या हाताच्या मागे मागे येतात. बर्लिनच्या संशोधकांनी 2019 मध्ये उंदरांना माणसांशी लपाछपी खेळायला शिकवलं. उंदीर नियमाने लपतात, शोधतात, आणि राज्य कोणावर आहे हे लक्षात ठेवतात. नर जरा आळशी, जेवण झालं की मांडीवर पसरणारे. माद्या दिवसभर कामाला जुंपल्यासारख्या धावणाऱ्या. ज्याला मांडीवर बसणारा हवा त्याला निळी, मोठ्या कानांची धावरी मादी दिली तर दोन्ही पक्षांचा संसार बिघडणार, म्हणून ती बाई दुसऱ्या आठवड्यात पिल्लांचे डोळे उघडल्यापासून रोज एकेकाला हातात घेऊन बघत बसते की कोण बाहीत शिरतो, कोण बोट चाटतो आणि कोण नुसता थरथरतो.

राहता राहिला सगळ्यात नैतिक आक्षेप. टाकून दिलेल्या उंदरांनी निवारे भरलेले असताना नवे उंदीर जन्माला घालायचेच कशाला? निवाऱ्यातून आणणारा माणूस जास्त पुण्यवान आहे यात वाद नाही. पण निवाऱ्यातल्या उंदराची आई कशाने गेली हे कोणालाच माहीत नसतं. पाळीव उंदीर मुख्यतः दोन गोष्टींनी हरतो: श्वासाचे जुनाट विकार आणि माद्यांमध्ये स्तनांच्या गाठी. कोणत्या वंशात गाठी लवकर येतात, कोणता वंश अडीच वर्षं ओलांडतो, हे कळायचं तर आजी-आजोबांपासून नोंद हवी, आणि ती एकट्या बाईला ठेवता येत नाही, कारण तिच्याकडे एका वेतातले एखाद-दोनच राहतात. बाकीचे आठ वेगवेगळ्या गावांत म्हातारे होतात. त्यांचं पुढे काय झालं हे सांगणारी माणसं तिला हवी असतात. माझ्या मते संपूर्ण प्रश्नावलीची चावी इथे आहे. तिला पिंजरा मोठा असलेला माणूस हवा असतोच, पण त्याहून जास्त हवा असतो पत्र लिहिणारा माणूस. प्रश्नांना लांबलचक, पाल्हाळीक, न विचारलेलं सांगणारी उत्तरं देणारा अर्जदार बहुधा पास होतो, आणि ‘हो’, ‘नाही’, ‘माहीत नाही’ लिहिणारा व्यवस्थित माणूस बाजूला पडतो, तो याचमुळे. सरकारी फॉर्म भरायची सवय असलेल्यांना हा अन्याय वाटतो.

न्यायचा दिवस येतो तेव्हा पिल्लं सहा-आठ आठवड्यांची झालेली असतात. प्रवासाच्या पेटीत लोकरी कापडाचा एक तुकडा असतो, आणि तो मुद्दाम धुतलेला नसतो, कारण त्याला घराचा वास आहे. पाणी सांडू नये म्हणून बाटलीऐवजी काकडीची जाड चकती. बरोबर आठवडाभराचं त्यांच्या सवयीचं धान्य पुडीत बांधून, म्हणजे नव्या घरी पोट बिघडायला नको. नाव काय ठेवायचं ते ठेवा, पण ती खोक्यावर पेनने आपलं ठेवलेलं नाव लिहितेच. ‘पोचल्यावर कळवा’ हे वाक्य इंग्रजीतही असतं. संध्याकाळी फोटो येतो: मोठा थोरला नवा पिंजरा, तीन मजले, झोपाळा, शिडी, आणि कोपऱ्यात त्या मळक्या तुकड्याखाली दोन उंचवटे. पुढची दोन वर्षं फोटो येत राहतात, हळूहळू कमी होत जातात. मग एके दिवशी मोठा मजकूर येतो. मादी, सत्तावीस महिने, डाव्या बाजूला गाठ होती, शेवटपर्यंत खात होती, काल रात्री गेली. बाई वही काढते, आजी, आई आणि मुलगी यांच्या ओळीत महिन्यांचा आकडा भरते. मजकुराच्या शेवटी विचारलेलं असतं की दुसरी फार एकटी पडली आहे, नवी पिल्लं कधी आहेत. ती लिहिते की मार्चमध्ये आहेत, यादीत तुमचा नंबर सहावा, आणि सोबत प्रश्नावली पाठवत आहे. कृपया पूर्ण भरून पाठवावी.